फळबाजाराचा कचरा, खत आणि परवाना

फळबाजारात रोज उरणाऱ्या सालपटांचे आणि सडक्या मालाचे खत करून विकावे, असा विचार अनेक व्यापारी बांधवांच्या मनात येतो. धंदा वाईट नाही; पण खड्डा खणण्याआधी कायदा समजून घ्यावा. स्वतःच्या शेतापुरते खत केले तर विक्रीचा प्रश्न येत नाही. गोणीत भरून विकले, की १९८५ चा खत नियंत्रण आदेश लागू होतो. सेंद्रिय खते त्यात २००६ साली आली. तेव्हापासून कृषी खात्याचे प्रमाणपत्र लागते आणि माल ठरलेल्या प्रतीचाच असावा लागतो. हा आदेश १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा आहे. ‘माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही.

चामड्याचे काम करणाऱ्यांनी इथे विशेष जपावे. शहरी कचऱ्याच्या खतात किलोमागे फक्त ५० मिलिग्रॅम क्रोमियम चालते. क्रोम वापरून कमावलेल्या चामड्याच्या कातरणात ते किलोमागे हजारो मिलिग्रॅम असते. पाच किलोची एक पाटी टनभर ढिगात गेली, तरी सगळा ढीग बाद होऊ शकतो! सबब कातरण पहिल्यापासून वेगळे ठेवावे. नमुना प्रयोगशाळेत तपासण्याचा खर्चही विक्रीआधीच करावा. दुकानात निरीक्षकाने नमुना घेतला, तर गोणीवर छापलेले नाव आपलेच असते.