यादीत जे आलं नाही

सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरांची यादी काढणारी स्क्रिप्ट लिहिणं हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि गोम तिथेच आहे. विंडोजवर ‘डिर’ला सगळे उपफोल्डर घ्यायला सांगायचं, निघालेला मजकूर एका टेक्स्ट फाइलकडे वळवायचा, टास्क शेड्युलरला रात्रीची वेळ द्यायची, की सकाळी हजारो ओळी तयार. ही यादी मग ऑडिटला जाते, सर्व्हर बदलताना ‘सगळं आलं का’ हे तिच्यावरूनच ठरतं. माझं म्हणणं असं की फोल्डरात काय आहे याचा हा दाखला नव्हेच. एका ठरावीक खात्याला ठरावीक वेळी जे दिसलं आणि त्यातलं जे नीट लिहिता आलं, तेवढंच तिच्यात असतं. काय राहून गेलं हे ती आपणहून सांगत नाही. म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने आपली हुशारी राहिलेलं पकडण्यात खर्च करावी. आलेलं सुबक मांडणं नंतरही जमतं.

आधी दिसण्याचं बघू. आपल्या मशीनवर जोडलेला झेड ड्राइव्ह हा आपल्या लॉगिनपुरता असतो. तीच स्क्रिप्ट रात्री दुसऱ्या खात्याने चालली तर तिच्या लेखी झेड नाहीच. हा दोष निदान लगेच कळतो. सर्व्हरच्या नावापासूनचा पूर्ण पत्ता दिला की मिटतो. खरा धोका आवाज न करणाऱ्या गोष्टींचा. विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून अशी सोय आहे की ज्या फोल्डरची वाचायची परवानगी नाही, तो त्या खात्याला दिसतच नाही. ‘परवानगी नाही’ असा संदेशही येत नाही. सांबावरही अशी सेटिंग आहे. म्हणजे पगाराचा फोल्डर यादीत नाही आणि चुकांच्या नोंदीतही नाही. लपवलेल्या फाइलींचं तसंच: ‘डिर’ला किंवा पॉवरशेलच्या ‘गेट-चाइल्डआयटम’ला मुद्दाम सांगितल्याशिवाय त्या येत नाहीत.

यावर हमखास उत्तर मिळतं, ‘मग अॅडमिनच्या खात्याने चालवा की.’ एक तर फोल्डरच्या मालकाने परवानग्यांतून अॅडमिनला काढलं असेल तर तोही बाहेरच. दुसरं, यादी करायला फक्त वाचायचा हक्क लागतो. रात्री कोणी समोर नसताना चालणाऱ्या स्क्रिप्टच्या हातात पुसून टाकायचा अधिकार देण्याचं काहीच कारण नाही. मी वेगळं, फक्त वाचणारं खातं करायला सांगेन. त्याला कुठे प्रवेश द्यायचा हे त्या त्या विभागाकडून लेखी घ्यावं. मग काय वगळलंय तेही कागदावर राहतं.

आता जे दिसतं पण वाचता येत नाही त्याबद्दल. अशा चुका वेगळ्या वाटेने पडद्यावर जातात, यादीच्या फाइलीत उतरत नाहीत. आणि पडदा स्वच्छ दिसावा म्हणून बरेच जण त्या गप्प करून टाकतात. ही सवय मला सर्वांत वाईट वाटते. विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा इथेच चावते. कारकून झेड ड्राइव्हवरून फाइल ठेवतो तेव्हा पत्ता छोटा असतो, मर्यादेत बसतो. स्क्रिप्ट सर्व्हरच्या नावापासून मोजते तेव्हा तोच पत्ता मर्यादा ओलांडतो. ‘अंतिम सुधारित अंतिम’ अशी नावं देणाऱ्या कार्यालयांत हे दुर्मिळ नाही. २०१६ च्या विंडोज १० पासून ही मर्यादा उठवता येते, पण सेटिंग बदलावी लागते आणि त्या प्रोग्रॅमचीही तयारी लागते. रोबोकॉपी लांब पत्ते घेते आणि ‘/एल’ दिलं की कॉपी न करता नुसती यादी देते. मात्र अडल्यावर ३० सेकंद थांबून १० लाख वेळा पुन्हा प्रयत्न करायचा, अशी तिची मुळातली सेटिंग आहे. हिशेब केला तर एका अडलेल्या फोल्डरपायी सुमारे ३४७ दिवस! प्रयत्न आणि थांबा दोन्ही १ वर आणल्याशिवाय ती रात्री सोडू नये.

मराठी नावांचा तर स्वतंत्र त्रास. जुन्या कमांड खिडकीतून फाइलीत वळवलेली देवनागरी नावं अनेक मशीनवर प्रश्नचिन्हांची रांग होऊन येतात. पॉवरशेल ५.१ मध्ये वळवण्याच्या चिन्हाने यूटीएफ-१६ लिहिलं जातं, ७ मध्ये यूटीएफ-८. म्हणून एन्कोडिंग दरवेळी स्पष्ट लिहावं. तक्ता करून फाइलीत टाकला तर लांब नावं तीन टिंबांवर कापली जातात. त्यापेक्षा सीएसव्ही बरी. ‘शेतकऱ्यांची यादी’ हे नाव घ्या. त्यातला अर्धा र नुक्त्याच्या ऱ ने लिहिता येतो, तसाच साध्या र ला हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक टाकूनही. दिसायला अगदी सारखं, पण फाइल सिस्टिमला ती दोन वेगळी नावं. जुन्या-नव्या सर्व्हरच्या याद्या जुळवताना एक फाइल ‘हरवलेली’ आणि एक ‘जास्तीची’ निघते.

‘एवढ्याशा कामाला इतका सोपस्कार कशाला, आमची स्क्रिप्ट वर्षानुवर्षं चालतेय,’ असंही म्हटलं जातं. चालते म्हणजे फाइल तयार होते, इतकंच. अर्ध्यावर तुटलेली यादीही यादीसारखीच दिसते. पंचनाम्यात जागा, वेळ आणि हजर माणसं लिहितात, तसं यादीच्या वर मशीन, खातं, पत्ता आणि सुरुवातीची वेळ असावी. तळाशी फाइलींची संख्या, चुकांची संख्या आणि ‘पूर्ण’ अशी ओळ. चुका शेजारच्या वेगळ्या फाइलीत. यादी आधी तात्पुरत्या नावाने लिहावी, संपल्यावरच खरं नाव द्यावं, आणि ती मोजल्या जाणाऱ्या फोल्डरांच्या बाहेर ठेवावी, नाहीतर ती स्वतःलाच मोजते. शिवाय सर्व्हरवर एक परीक्षेचा फोल्डर कायम ठेवावा: एक लपवलेली फाइल, एक २६० च्या पुढचा पत्ता, दोन्ही तऱ्हांनी लिहिलेली ‘शेतकऱ्यांची यादी’ आणि एक बंद उपफोल्डर. पहिल्या चारही नोंदी रोजच्या यादीत आल्या नाहीत, किंवा बंद उपफोल्डरातली फाइल अचानक दिसू लागली, तर त्या दिवशीची यादी पुढे पाठवू नये.