धावता रानकुत्रा आणि परवडणारा कॅमेरा

फोटो स्टुडिओचा धंदा किती आक्रसला आहे, हे त्या व्यवसायातील बांधवांना सांगण्याची गरज नाही. वाढदिवस, साखरपुडा, किरकोळ समारंभ ही कामे घराघरातल्या मोबाइलने नेली. गोंदिया जिल्ह्यातील छायाचित्रकाराला अशा वेळी जंगलाच्या चित्रांचा विचार सुचला तर तो रास्तच आहे. नागझिरा अभयारण्य १९७० साली आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली झाले. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. हे जंगल गोंदिया व भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. नागझिरा रानकुत्र्यांसाठी ओळखले जाते, तर सारस पक्षी महाराष्ट्रात मुख्यतः गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत आणि तलावांवर दिसतो.

या कामात उतरताना पहिला मोठा खर्च कॅमेऱ्याचा. दुकानात मेगापिक्सेलचा आकडा मोठ्याने सांगितला जातो. पण पळणाऱ्या जनावराचे चित्र त्या आकड्यावर ठरत नाही. ते कशावर ठरते, याचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

धावेचा हिशेब

रानकुत्रा ताशी ४० किलोमीटर वेगाने पळतो आहे असे धरा. म्हणजे एका सेकंदात सुमारे ११ मीटर. शटर सेकंदाचा २५० वा भाग उघडे राहिले, तर तेवढ्यात तो साडेचार सेंटिमीटर पुढे जातो आणि चित्र पुसट येते. १००० व्या भागात तो सुमारे एक सेंटिमीटर सरकतो आणि २००० व्या भागात अर्धा सेंटिमीटर. म्हणून पळत्या जनावरासाठी शटर किमान १/१००० आणि शक्यतो १/२००० ठेवावे. गल्लीतला पळता कुत्रा असो की जंगलातला, हिशेब एकच.

आता उजेडाचे पाहू. १/२५० वरून १/२००० वर गेलो की आत येणारा उजेड आठपट कमी होतो. ही तूट आयएसओ वाढवून भरावी लागते. ४०० चे ३२०० करावे लागते. जनावरे दिसतात ती पहाटे आणि सांजेला, सागाच्या आणि बांबूच्या सावलीत. तेव्हा कॅमेरा घेताना पहिला प्रश्न हा विचारावा, की आयएसओ ३२०० वर चित्र किती स्वच्छ येते? दुसरा प्रश्न, हलत्या वस्तूवर फोकस धरून ठेवतो का? तिसरा, सेकंदाला किती चित्रे घेतो? पाच-सहा मिळाली तरी काम भागते, आठ-दहा मिळाली तर उत्तम.

कोणता प्रकार घ्यावा

लांब झूम जोडूनच येणारे कॅमेरे, उदाहरणार्थ निकॉन पी ९००, स्वस्त वाटतात आणि दूरचे फार जवळ आणतात. उन्हात शांत उभ्या असलेल्या सारसासाठी ते ठीक आहेत. पण त्यांचा सेन्सर लहान असतो. कमी उजेडात आणि पळत्या जनावरावर ते कमी पडतात.

नवे मिररलेस कॅमेरे चांगले आहेत, पण त्यांच्या लांब लेन्सची किंमत लहान व्यावसायिकाला जड जाते. मोठ्या कंपन्या मिररलेसकडे वळल्यामुळे जुने डीएसएलआर वापरलेल्या बाजारात उतरत्या भावाने मिळतात. आमच्या मते फायद्याचा सौदा तेथेच आहे. निकॉन डी ७२०० (२०१५) सेकंदाला सहा, निकॉन डी ७५०० (२०१७) आठ आणि कॅनन ७ डी मार्क टू (२०१४) दहा चित्रे घेतो. हेच कॅमेरे लग्नाच्या कामालाही चालतात, ही त्यातली मोठी सोय.

बॉडीवर सगळा पैसा घालू नये. दहा रुपये असतील तर चार बॉडीवर आणि सहा लेन्सवर ठेवावेत. बॉडी काही वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स दोन-तीन बॉडींना पुरते. सुरुवातीला ३०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स पुरे. या आकाराच्या सेन्सरवर चाळीस मीटर अंतरावर तिच्यात सुमारे तीन मीटर रुंदीचे दृश्य मावते. रानकुत्र्याचे अंग साधारण एक मीटर, म्हणजे तो चौकटीचा तिसरा हिस्सा व्यापतो. कॅलेंडरला एवढे चालते. पक्ष्यांचेच काम करायचे असेल तर टॅमरॉन किंवा सिग्माची १५० ते ६०० मिलिमीटरची लेन्स पाहावी. पण ती सुमारे दोन किलोची असते. जिप्सीत तिला आधाराला कापडी पिशवीत वाळू किंवा तांदूळ भरून घ्यावेत.

वापरलेला माल पारखताना

गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. माल हातात घेऊन पाहता येत असेल तर नुसत्या चित्रावरून घेऊ नये. शटर किती वेळा चालले तो आकडा मागावा. डी ७२०० चे शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेले आहे. लेन्सच्या आत टॉर्च मारून बुरशी पाहावी. एफ १६ वर पांढऱ्या कागदाचे चित्र काढून सेन्सरवरचे डाग पाहावेत. दुकानाबाहेर जाणाऱ्या सायकलवर फोकस धरतो का, ते करून बघावे. बिल आणि अनुक्रमांक जुळवावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात घरी आल्यावर कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावा.

सराव आणि मर्यादा

सफारीचा पैसा भरण्याआधी महिनाभर गल्लीतल्या पळत्या कुत्र्यांवर सराव करावा. कुत्रा बाजूने जाताना कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवावा आणि फोकस डोळ्यावर ठेवावा. हात बसला की मगच जंगलात जावे. जंगलाचा मुख्य भाग पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतो, आणि कॅमेऱ्याचे शुल्क व नियम गेटवर आधी विचारून घ्यावेत. सारसाच्या घरट्याजवळ जाऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरटे किंवा अंडी बिघडवणे हीही शिकारच ठरते. बांधीत उतरण्यापूर्वी शेतकऱ्याची परवानगी घ्यावी; उभे धान तुडवून काढलेले चित्र पुढच्या वेळी त्या गावाचा रस्ता बंद करते.

शेवटी वहीचा हिशेब. समजा सगळे साहित्य मिळून ४८,००० रुपये लागले आणि ते चार वर्षे चालले, तर महिन्याला १,००० रुपये केवळ झिजेचे. त्यावर सफारी, गाडी आणि वेळ. जंगलाच्या चित्रांचे उत्पन्न बेभरवशाचे असते. म्हणून हा खर्च नेहमीच्या कामातून निघेल एवढाच ठेवावा. मोठी लेन्स वर्षातून दोनदाच लागत असेल तर ती मोठ्या शहरातून भाड्याने आणावी. स्टुडिओचे चालू भांडवल मोडून किंवा हप्त्याच्या ओझ्याखाली जाऊन कॅमेरा घेऊ नये. रानकुत्र्यांचा कळप पुढच्या हंगामातही दिसेल. अडकलेले भांडवल मात्र सहजी परत येत नाही.