हृदयाघातोत्तर रुग्ण : शरीराची उभारी आणि मनाचे आश्वासन

हृद्रोगाचे पाच प्रकार आपण विद्यार्थिदशेतच मुखोद्गत केलेले असतात. तथापि आज आपल्या चिकित्सालयात येणारा हृद्रोगी बहुधा रुग्णालयातून घरी परतलेला असतो. त्याच्या धमनीत स्टेंट बसविलेला असतो, हातात गोळ्यांची पिशवी असते आणि मनात भय असते. अशा रुग्णासंबंधी आपले कर्तव्य कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभी आमच्याच हातून घडलेल्या प्रमादाचा उल्लेख करणे उचित होईल. चौपन्न वर्षांचे एक धान्यव्यापारी हृदयाघातानंतर चार महिन्यांनी आमच्याकडे आले. अनिद्रा, अरुची आणि छातीत धडधड अशी लक्षणे होती. आम्ही अग्नी, मल, निद्रा यांची विचारणा केली, नाडी पाहिली व औषध दिले. तिसऱ्या भेटीस त्यांच्या पत्नी सोबत आल्या. त्या म्हणाल्या, "वैद्यराज, हे रात्री उठून बसतात आणि स्वतःची नाडी चाचपत राहतात. दुकानात पाऊल टाकीत नाहीत. आणि तुमचं औषध सुरू झाल्यापासून त्यांनी दवाखान्याच्या सगळ्या गोळ्या बंद केल्यात."

गोळ्या बंद करा, असे आम्ही सांगितले नव्हते. परंतु चालू ठेवा, असेही सांगितले नव्हते. त्याच दिवशी चिठ्ठी देऊन आम्ही त्यांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविले. सुदैवाने अनर्थ टळला.

स्टेंट ही धातूची जाळी होय. तिच्यावर धमनीचे अंतःस्तर पुरते येईपर्यंत तेथे रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेलसारखे दुसरे औषध साधारणतः वर्षभर एकत्र देतात. पुढेही एक औषध बहुधा चालूच राहते. ती केव्हा थांबवावीत, हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचाच. यास्तव पहिल्या भेटीत सर्व गोळ्या समोर ठेवावयास सांगाव्यात, त्यांची नोंद करावी आणि 'या चालूच ठेवायच्या' असे स्पष्ट शब्दांत बजावावे.

शरीराची उभारी

पूर्वी अशा रुग्णास सहा आठवडे अंथरुणास खिळवून ठेवीत. १९५२ साली बोस्टनच्या लेव्हिन व लाऊन या वैद्यकांनी रुग्णास लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला आणि हळूहळू ती रूढी मोडली. हृदयाच्या मृत पेशींच्या जागी दृढ व्रण तयार होण्यास सुमारे सहा ते आठ आठवडे लागतात. या काळात श्रम बेताचे असावेत, परंतु निश्चलता नसावी. तज्ज्ञांची अनुमती मिळाल्यावर सपाट जागी पाच-दहा मिनिटे चालण्यापासून आरंभ करून वेळ क्रमाने वाढवावा. आपल्या शास्त्रातील अर्धशक्ती व्यायामाचा नियम येथे मार्गदर्शक ठरतो. चालताना सहज बोलता आले पाहिजे. धाप लागून बोलणे तुटल्यास थांबावे.

भोजनोत्तर लगेच चालणे, मलप्रवृत्तीसाठी कुंथणे व रात्रिजागरण वर्ज्य करावे. तंबाखू, मिश्री व धूम्रपान पूर्णतः सोडविणे हे सर्वांत मोठे पथ्य होय. वमनास अयोग्य रुग्णांत चरकाचार्यांनी हृद्रोग्याची गणना केली आहे. आरंभीच्या महिन्यांत शोधनाचा आग्रह धरू नये. छातीत पुन्हा वेदना, घाम वा श्वासकष्ट झाल्यास काढा उकळीत बसू नये. तत्काळ १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

मनाचे आश्वासन

हृदय व ओज यांचे रक्षण इच्छिणाऱ्याने मनाला दुःख देणारे हेतू विशेषेकरून टाळावेत, असा चरकाचार्यांचा उपदेश आहे. रोग वाढविणाऱ्या भावांत त्यांनी विषादाला अग्रस्थान दिले. आधुनिक निरीक्षणही याच्याशी जुळते. हृदयाघातानंतर सुमारे पाचांपैकी एका रुग्णास गंभीर स्वरूपाचे नैराश्य येते आणि अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते.

म्हणून प्रत्येक रुग्णास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न वा निराश राहते काय? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतील रस गेला आहे काय? उत्तर होकारार्थी असल्यास मानसरोगतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. जगण्याचा कंटाळा बोलून दाखविल्यास त्याच दिवशी घ्यावे. सौम्य भयासाठी सत्त्वावजय उपयुक्त ठरतो. काय घडले, कोणते काम केव्हा करता येईल, हे धीराने समजावून सांगावे. घरच्या मंडळींनाही सोबत बसवावे, कारण अतिकाळजीने रुग्ण अधिकच पंगू होतो. दांपत्यजीवनाविषयी रुग्ण संकोचाने विचारीत नाही; तो विषय आपणच काढावा. दोन जिने त्रासाविना चढता येत असल्यास बहुधा भयाचे कारण नसते.

भारतातील २४ केंद्रांत ३,९५९ रुग्णांवर झालेले 'योग-केअर' संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले. योगगटातील रुग्ण पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या रीतीने परतले. मृत्यू वा पुनराघात यांत मात्र लक्षणीय फरक सिद्ध झाला नाही. योगाचे स्थान औषधांच्या जोडीचे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

औषध देताना

औषधालयचालक बंधूंनी पुढील बाबी विशेष लक्षात ठेवाव्यात.

१. सर्पगंधा : मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिची उपयुक्तता ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडली. तथापि तिच्यातील रिसर्पिनमुळे खिन्नता येऊ शकते. निद्रानाशी, विषण्ण हृद्रोग्यास ती परस्पर देऊ नये.

२. यष्टिमधू : दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते.

३. गुग्गुळ : प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे शोषण घटविल्याचे आढळले आहे.

४. लवणभास्करादी लवणयुक्त कल्प : रक्तदाब वा शोथ असता टाळावेत.

५. वाजीकर म्हणून विकली जाणारी अनोळखी उत्पादने : अशा काहींत सिल्डेनाफिलची भेसळ सापडली आहे. नायट्रेट घेणाऱ्या रुग्णास ती प्राणघातक ठरू शकते.

अर्जुन क्षीरपाकाची परंपरा आपणास प्रिय आहे. तोही मूळ औषधांच्या जोडीनेच व तज्ज्ञांस कळवून द्यावा. 'अडथळे विरघळवितो' अशी जाहिरात करणे औषधी व जादूचे उपाय अधिनियम, १९५४ अन्वये निषिद्ध आहे आणि रुग्णाच्या दृष्टीने तर ती घातकच.

वर उल्लेखिलेले व्यापारी पुढे हळूहळू दुकानात बसू लागले. प्रथम एक तास, मग सकाळभर. आमच्या औषधाने किती गुण आला, हे सांगणे कठीण. पत्नीस बोलते केल्याने जे कळले, त्याचे मोल मात्र आम्ही विसरलो नाही. आता प्रत्येक हृद्रोग्याची नाडी पाहण्यापूर्वी आम्ही त्याची पिशवी उघडावयास सांगतो व रात्री झोप का लागत नाही, हे विचारतो. वैद्यबंधूंनीही हा परिपाठ ठेवावा, ही विनंती. इत्यलम्।