प्रतीक्षा आणि धैर्य

थांबणारा प्रत्येक मनुष्य धैर्यवान असतो असे नाही. कोणी आळसाने थांबतो, कोणी चडफडत थांबतो. विवेकाने थांबणारा विरळा. हा भेद एका नित्याच्या उदाहरणावरून पाहू.

सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूंची तार नेऊन खेड्यांस वेगवान इंटरनेट द्यावे, ही योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. ‘भारतनेट’ ती हीच. पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पा २०१७ च्या डिसेंबरात पुरा झाला. २०२३ साली सुधारित योजना मंजूर करावी लागली.

विलंबाची कारणे समजून घ्यावी. तार एका ओळीने जाई; रस्ता खोदताना ती तुटली की पलीकडील गावांचा संबंध सुटे. सुधारित योजनेत ती कड्यासारखी फिरवावयाची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसरीकडून संदेश पोहोचेल. कारण कळले की क्रोध ओसरतो, कर्तव्य मात्र उरते.

विद्यार्थ्याच्या अर्जाची मुदत गावाच्या तारेसाठी थांबत नाही. म्हणून धीर आपल्या गैरसोयीपुरता धरावा. दुसऱ्याच्या हानीविषयी धरलेला धीर ही उदासीनता होय. ग्रामसभेत प्रश्न विचारावा, लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, आणि तोवर त्या मुलास तालुक्याच्या गावी नेऊन त्याचा अर्ज भरून द्यावा.

मननासाठी प्रश्न: आपल्या थांबण्याचे मोल कोण देत आहे?