किल्ली काढली तरी बॅटरी चालूच

घरांच्या वायरिंगची कामं करण्यात माझी उमेदीची सारी वर्षं गेली. त्यामुळे आमच्या पोशीर गावात आणि आसपासच्या वाड्यांत विजेवरचं काहीही बंद पडलं की लोक मला हाक मारतात. आता त्यात बॅटरीवरच्या दुचाक्यांची भर पडली आहे. नेरळला जाऊन लोकल गाठायला, दूध घालायला, कळंबच्या बाजूला जायला या गाड्या परवडतात. ज्यांची मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, त्यांना नोंदणी लागत नाही, लायसनही लागत नाही, म्हणून त्या पोरांच्या हाती लवकर येतात. गाड्या चांगल्या आहेत. पण त्या अडल्या की लोक काय काय करतात ते मी जवळून पाहिलं आहे, आणि ते सांगितलंच पाहिजे.

पावसाळ्यात माझ्या पुतण्याची गाडी अडली. डिस्प्ले लागत होता, हॉर्न वाजत होता, पण रेस दिली तरी चाक फिरेना. मी पोचेपर्यंत त्याच्या मित्राने सीटखालचं झाकण काढून बॅटऱ्यांचे नट सैल करायला घेतले होते. किल्ली खिशात होती, म्हणजे करंट बंद, अशी त्याची पक्की समजूत. मनगटात स्टीलचं कडं होतं. पाना एका बॅटरीच्या टोकावर असताना हात वळला, आणि कडं एका बाजूने पान्याला, दुसऱ्या बाजूने शेजारच्या बॅटरीच्या टोकाला टेकलं. डोळे दिपतील एवढी ठिणगी उडाली. पान्याला तांदळाएवढी खाच पडली, तेवढं लोखंड वितळून गेलं होतं. कडं काढेपर्यंत त्याच्या मनगटावर कड्याच्याच आकाराचं भाजलं. तो वण आजही आहे.

त्या गाडीत १२ व्होल्टच्या ५ बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या, म्हणजे ६० व्होल्ट. घरातल्या २३० व्होल्टपुढे हा आकडा लहान वाटतो आणि तिथेच माणूस फसतो. कोरड्या हाताला ६० व्होल्टचा झटका फारसा जाणवणार नाही, पण दोन टोकं धातूने जोडली गेली तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात. शिवाय घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी विझायला वाव मिळतो. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही, ठिणगी ताणली जाते. म्हणून या गाडीतला एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की पडणारा स्विच, बिघडला तर त्या जागी घराच्या बोर्डातला बसवू नका. डीसीसाठी, म्हणजे बॅटरीच्या विजेसाठी बनवलेला वेगळा मिळतो, तोच घ्या.

माझा क्रम ठरलेला आहे. अंगठी, कडं, घड्याळ, बांगड्या उतरवायच्या. गळ्यात मंगळसूत्र किंवा साखळी असेल तर ती आत खोचून नव्हे, काढूनच ठेवायची. किल्ली बंद, मग एमसीबी खाली, मग बॅटरीचा मोठा जोड सोडवायचा. एवढं झालं की एकदा किल्ली पुन्हा चालू करून सोडायची. मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही साठा उरतो, तो अशाने उतरतो. चार-पाच मिनिटं थांबायचं, मीटर लावून पाहायचं आणि मगच हात घालायचा. पान्याच्या दांड्याला टोकापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळलेली हवी. सुटलेल्या प्रत्येक टोकावरही लगेच टेप.

ज्यासाठी हे सगळं रामायण घडलं तो बिघाड काय निघाला? ब्रेकच्या दांडीतलं छोटं स्विच. ब्रेक दाबला की हे स्विच मोटरची वीज तोडतं. त्यात चिखल बसला होता, त्यामुळे गाडीला वाटत होतं की ब्रेक दाबलेलाच आहे. मागचा लाल दिवा सारखा पेटलेला होता, पण दिवसाउजेडी कोणाचं लक्ष गेलं नाही. दांडी चार वेळा दाबून-सोडून, फडक्याने पुसून गाडी चालू झाली. बॅटरीला हात लावायचं काही कारणच नव्हतं. साइड स्टँडच्या स्विचचंही तेच. स्टँड पूर्ण वर गेला नाही तर पुष्कळ गाड्या हलतच नाहीत. म्हणून आधी मागचा दिवा, स्टँड, एमसीबी आणि हँडलखालचे ओले जोड बघा. यातलं काहीच उघडावं लागत नाही.

तपासताना गाडी मेन स्टँडवर आणि मागचं चाक अधांतरी, याबाबत मी कोणाचं ऐकत नाही. एका दूधवाल्याच्या गाडीची किल्ली फिरवली आणि रेसला हातही न लावता मागचं चाक सुसाट फिरू लागलं. रेसच्या मुठीकडून येणाऱ्या तीन बारीक तारांपैकी काळी, म्हणजे निगेटिव्ह तार हँडलच्या वळणावर तुटली होती. ती तुटली की मूठ कंट्रोलरला पूर्ण रेसचा संदेश देत राहते. चांगल्या कंट्रोलरला ही चूक ओळखता येते, स्वस्तातल्याला येत नाही. गाडी जमिनीवर असती तर समोर ओट्यावर बसलेल्या म्हातारीच्या अंगावर गेली असती. त्या दिवसापासून मी किल्ली फिरवण्याआधी समोरची माणसं बाजूला करतो आणि एक हात एमसीबीवर ठेवतो.

मोटर खरखर करून थरथरत असेल, तर पुष्कळदा मोटरकडे जाणाऱ्या तारांचे जोड ढिले किंवा ओले झालेले असतात. गाडी बंद असताना ढकलायला एकाएकी जड लागली, तर वीज काढून पिवळी, हिरवी आणि निळी अशा तीन जाड तारा सोडवा, त्यांची टोकं एकमेकांना लागू देऊ नका आणि चाक फिरवून पाहा. चाक मोकळं झालं तर दोष कंट्रोलरचा, नाही झालं तर मोटरचा किंवा तिच्या तारांचा. इथवर घरी करता येतं. आमच्याकडच्या दस्तुरी नाक्याच्या चढावर गाडी मध्येच मरते आणि किल्ली बंद-चालू केली की पुन्हा उठते, हे मात्र थकलेल्या बॅटरीचं लक्षण आहे. लिथियम बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, ते स्वतःहून वीज तोडत असतं. अशा वेळी कोणी 'डायरेक्ट करून देतो' म्हणाला, तर गाडी उचलून घरी आणा. डायरेक्ट करणं म्हणजे ते संरक्षण काढून टाकणं. लिथियमचा डबा घरी उघडायचा नाही, गावातल्या गॅरेजमध्येही नाही.

चार्जरचं तर फार जपा. ४८ व्होल्टच्या आणि ६० व्होल्टच्या, शिशाच्या आणि लिथियमच्या चार्जरची पिन पुष्कळदा सारखीच असते, म्हणजे चुकीचा चार्जरही बिनबोभाट बसतो. १३ सेल ओळीने असलेली ४८ व्होल्टची लिथियम बॅटरी ५४.६ व्होल्टला भरते. तिला ६० व्होल्टचा चार्जर लावला तर ती भरल्यानंतरही वीज आत ढकलली जाते आणि सगळी भिस्त एकट्या बीएमएसवर राहते. शेजाऱ्याचा चार्जर मागून आणू नका. आपल्या चार्जरवर आणि बॅटरीवर व्होल्टचा आकडा रंगाने मोठा लिहून ठेवा.

आमच्याकडे गाडी पडवीत लागते, आणि पडवीतच भाताचा पेंढा, सरपण, गोवऱ्या असतात. तिथेच लांबलचक बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड टाकून रात्रभर चार्जिंग चालतं. हे बंद करा, अशी हात जोडून विनंती आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि घरात झोपलेला ७ वर्षांचा मुलगा भाजून दगावला. त्या वर्षीच्या आगींनंतर केंद्र सरकारने एआयएस-१५६ हे बॅटरीचं मानक कडक केलं, ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. पण मानक कितीही कडक असलं तरी पेंढ्याशेजारी, दाराच्या वाटेत आणि सगळे झोपलेले असताना चार्जिंग नको. अर्थिंग असलेल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये, जागेपणी, मोकळ्या जागी लावा. गाडी उन्हातून किंवा चढावरून आली असेल तर आधी बॅटरी निवू द्या.

पुराचं पाणी हा आपल्या भागाचा खास धोका. पोशीर नदी उल्हासला मिळते, आणि त्याच उल्हासच्या पुरात २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली होती. गाडी बॅटरीपर्यंत बुडाली असेल तर वरून सुकली म्हणून चालू करू नका, चार्जिंगलाही लावू नका. आत ओल राहिलेली बॅटरी काही दिवसांनीसुद्धा पेट घेऊ शकते. ती घरापासून लांब, उघड्यावर ठेवा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा.

बॅटरी फुगली, गोडसर उग्र वास आला, फुसफुस ऐकू आली, तर विझवायला धावू नका. तो धूर विषारी असतो. माणसं बाहेर काढा, हाताशी असेल तर घराचा मेन पाडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. कोणी भाजलं तर अंगठी-कडं ताबडतोब उतरवून भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. हळद नको, टूथपेस्ट नको. मग दवाखाना.

आणि निकामी झालेली बॅटरी भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊ नका, ती फोडताना त्याचा हात जाईल. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी ती बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर आहे. जिथून गाडी घेतली त्या दुकानात ती परत न्या, आणि घेत नसतील तर नियमाचं नाव सांगून नकार लेखी मागा.