अडीच हजारांची जुनी सायकल खरी कितीला पडते?

जुनी सायकल घेताना मालक सांगतो ती किंमत म्हणजे पहिला हप्ता समजा. दुसरा हप्ता सायकलच्या दुकानात जातो आणि बऱ्याचदा तो पहिल्याइतकाच असतो. तो आधीच ओळखता आला, तर स्वस्तातली सायकल खरंच स्वस्त पडते.

पुण्यात अशा सायकली जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या असतात. मुलांची उंची वाढली, घरात स्कूटर आली, सायकल भिंतीला लागली. एप्रिल-मेमध्ये वसतिगृहं रिकामी होतात, तेव्हा भाव आणखी उतरतात. बिनगिअरची साधी सायकल दीड ते अडीच हजारांत मिळते, गिअरची तीन ते पाच हजारांत.

बघायला गेल्यावर लोक गंज आणि खडखडाट बघून बिचकतात. खडखडाट बहुधा छर्रे, कोन आणि ग्रीसचा असतो, तो काही शे रुपयांत जातो. बघायची ती फ्रेम. हँडलच्या खालच्या नळीला खालची दांडी जिथे जोडलेली असते, तिथे बोट फिरवा. रंगाला आडवी चीर किंवा पत्र्याला सुरकुती लागली, तर सायकल समोरून जोरात आदळलेली आहे. बाजूने बघताना पुढचा चिमटा मागे दबलेला दिसला, तरी तेच. अशी सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नका. वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण उतारावर तो जोड सुटला तर सावरायला वेळच मिळत नाही.

मग चाक उचलून फिरवा. थोडा आउट असेल तर दुकानदार तारा आवळून काढतो, पण रिमच चेपली असेल तर नवी घालावी लागते. टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका. उभ्या सायकलचं रबर कडेने तडकतं, ते वाकून बघावं लागतं. चेनसाठी मापाची पट्टी खिशात ठेवा. नव्या चेनच्या लागोपाठच्या दोन पिनांत अर्धा इंच असतो, म्हणजे 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. त्या सव्वाबाराच्या दिशेने सरकल्या असतील, तर चेन ताणली आहे. गिअरच्या सायकलला तेव्हा बहुधा फ्रीव्हीलही बदलावं लागतं.

आता हिशेब. समजा, साधी सायकल 2,200 ला ठरली. दोन टायर साधारण 700, दोन ट्यूब 300, ब्रेकचे रबर आणि तारा 250, चेन 200, पूर्ण उघडून ग्रीसिंगची मजुरी 500. म्हणजे वर 1,950, एकूण 4,150. गल्लीगणिक भाव थोडे मागेपुढे होतील. तशीच नवी सायकल साडेसहा हजारांच्या आसपास जाते. खरेदी आणि दुरुस्ती मिळून नव्याच्या दोन-तृतीयांशांच्या आत बसली तर घ्यावी, हे माझं माप. कुलूप आणि दिवा नव्या सायकललाही लागतात, म्हणून ते यात धरलेले नाहीत.

रोज चार-पाच किलोमीटर जायचं असेल, तर माझा कौल बिनगिअरच्या, शॉकअप नसलेल्या सायकलला. स्वस्त गिअरच्या सायकलचे शॉकअप जड असतात, पायांचा जोर खातात आणि बिघडल्यावर कोपऱ्यावरचा मिस्त्री त्यांना हात लावत नाही. साध्या सायकलचा प्रत्येक भाग तालुक्याच्या गावातही मिळतो. मात्र रोज कात्रजच्या चढावरून जायचं असेल, तर गिअरच घ्या आणि दुसरा हप्ता मोठा धरा.

पैसे देण्याआधी फ्रेमवरचा नंबर शोधा. तो बहुधा पायंडलांच्या मधल्या नळीखाली ठोकलेला असतो. नंबर घासलेला दिसला की निघून या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. नंबर असेल तर तो, तारीख, रक्कम आणि मालकाचं नाव एका कागदावर लिहून त्याची सही घ्या.

घरी आणल्यावर सीट आधी लावा. पायंडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. बहुतेक जण सीट फार खाली ठेवतात आणि गुडघे दुखले की सायकलला दोष देतात. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याप्रमाणे भरा. कमी हवेवर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि पंक्चर काढायला दर वेळी तीस-पन्नास रुपये जातात. पावसाळ्यात चेन भिजली की त्याच संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनचं तेल सोडा.