चुनखडकातील गुहा : पाहण्याची आणि जपण्याची रीत

गुहा हा शब्द उच्चारताच महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांपुढे अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे ही नावे उभी राहतात. ही सर्व लेणी माणसाने छिन्नी-हातोड्याने काळ्या कातळात कोरून काढलेली आहेत. परंतु भारतात अशाही गुहा आहेत की, ज्यांना कोणी दाता नव्हता आणि ज्यांचा आराखडा कोणी काढला नव्हता. त्यांचा शिल्पकार एकच, तो म्हणजे पाणी. आपल्या राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग ज्वालामुखीच्या लाव्हापासून झालेल्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. पाण्यात सहज विरघळणारा चुनखडक आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोली अशा मोजक्या भागांत आढळतो. म्हणून अशा गुहेचे दर्शन घ्यावयाचे तर गडचिरोलीच्या पलीकडे, छत्तीसगडमधील बस्तरला जाणे सोयीचे ठरते. तेथील कोटमसरची गुहा ही या लेखापुरती आपली पाठशाळा होय.

पाण्याचे कोरीवकाम

पावसाचे पाणी हवेतून आणि विशेषतः मातीतून झिरपताना कार्बन डायॉक्साइड वायू शोषून घेते व किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी चुनखडकाच्या फटींत शिरले की खडक हळूहळू विरघळू लागतो. फट रुंदावते, तिची घळ होते आणि हजारो-लाखो वर्षांनी घळीचे दालन होते. पुढे हेच चुनायुक्त पाणी दालनाच्या छतातून ठिबकू लागते. मोकळ्या हवेत येताच त्यातील वायू निघून जातो आणि चुन्याचा सूक्ष्म थर मागे राहतो. छताला लोंबणारा तो अधोमुखी लवणस्तंभ आणि त्याच थेंबांतून जमिनीवरून वर चढणारा तो ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ. ही वाढ वर्षाला बहुधा मिलिमीटरच्या काही अंशाइतकीच असते. विद्यार्थ्याच्या उंचीचा एखादा स्तंभ उभा राहण्यास हजारो वर्षे लागतात, ती याच कारणाने.

ही सारी क्रिया शिक्षकांना वर्गात दाखविता येते. चुन्याची निवळी परीक्षानळीत घेऊन तीत नळीने उच्छ्वास सोडावा. उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइडमुळे निवळी दुधाळ होईल. तसेच बराच वेळ फुंकत राहिल्यास ती पुन्हा निवळेल. हे खडक विरघळणे झाले. हे नितळ पाणी तापविले की वायू निघून जातो व द्राव पुन्हा गढूळ होतो. हे लवणस्तंभ साकारणे झाले. निवळी तोंडात जाऊ नये याची दक्षता मात्र घ्यावी. गुहा पाहण्यापूर्वी हा प्रयोग केलेला असेल, तर मुलांना अंधारात काय पाहावयाचे ते आधीच ठाऊक असते.

कोटमसरच्या दारात

जगदलपूरच्या दक्षिणेस कांगेर खोऱ्यात दाट सालवन आहे. सन १९८२ मध्ये या खोऱ्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यात आला. याच वनात कोटमसरची गुहा आहे. स्थानिक लोकांना ती पूर्वीपासून माहीत होती. १९५० च्या दशकात भूगोलाचे अभ्यासक डॉ. शंकर तिवारी यांनी तिचे शास्त्रीय अन्वेषण केले. प्रवेशद्वार इतके अरुंद आहे की अंग चोरूनच आत उतरावे लागते. पुढे मुख्य वाट बरीच आत जाते. बाहेर उन्हाळा असो वा हिवाळा, आतील तापमान २८ अंश सेल्सिअसच्या आसपास जवळजवळ स्थिर राहते. पावसाळ्यात गुहेत पुराचे पाणी शिरते, त्यामुळे त्या महिन्यांत ती दर्शनार्थींसाठी बंद असते. हा केवळ प्रशासकीय नियम नव्हे. पुरासोबत येणारा पालापाचोळा व सेंद्रिय गाळ हेच आतल्या जीवसृष्टीचे वर्षभराचे अन्न आहे.

या अंधाऱ्या पाण्यात बोटाएवढे, फिकट रंगाचे मासे राहतात. त्यांचे डोळे कमी-अधिक प्रमाणात लोपलेले असतात. जेथे प्रकाशच नाही तेथे डोळ्यांचा उपयोग तो काय ? त्यांची शास्त्रीय नोंद इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डाय या जातीखाली झालेली आहे. या जातीचे पहिले वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये केले, ते पुण्यातून मिळालेल्या माशांवरून. म्हणजे सह्याद्रीच्या ओढ्यांतील दगडगोट्यांत डोळस फिरणाऱ्या माशाचा हा अंधारात वस्तीस गेलेला भाऊबंद होय. सजीव परिस्थितीशी कसे जुळवून घेतात, याचा याहून सोपा धडा सापडणे कठीण.

पावसाची बखर

लवणस्तंभाचे खरे मोल त्याच्या सौंदर्याहून मोठे आहे. तो थराथराने वाढतो. प्रत्येक थरातील युरेनियम व त्यापासून होणारे थोरियम यांच्या प्रमाणावरून थराचे वय काढता येते. ऑक्सिजनच्या हलक्या व जड अणूंच्या प्रमाणावरून त्या काळी पाऊस उदंड होता की क्षीण, याचा अंदाज बांधता येतो. कांगेर खोऱ्यातीलच दंडक गुहेतील एका स्तंभाचा असा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इसवी सन ६०० ते १५०० या सुमारे ९०० वर्षांच्या मान्सूनचा आलेख मिळाला. चौदाव्या शतकात व पंधराव्याच्या आरंभी पाऊस वारंवार उणावल्याचे त्यावरून दिसते. महाराष्ट्राच्या स्मरणात राहिलेला दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ पासून सुमारे बारा वर्षे टिकल्याचे परंपरा सांगते. लोकस्मृतीने जे जपले, त्याला बस्तरच्या दगडाने दुजोरा दिला.

मेघालयात चेरापुंजीजवळच्या मॉम्लू गुहेतील स्तंभाने तर जगाच्या कालगणनेत स्थान मिळविले आहे. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी जगाच्या अनेक भागांत आलेल्या मोठ्या अवर्षणाची खूण त्यात सापडली. त्यावरून पृथ्वीच्या इतिहासातील सध्याच्या कालखंडास २०१८ मध्ये ‘मेघालयन’ असे नाव देण्यात आले. अशा स्थितीत एखाद्या हौशी प्रवाशाने आठवण म्हणून लवणस्तंभाचे टोक मोडून खिशात टाकले, तर त्याने केवळ दगड नेला असे होत नाही. पावसाच्या बखरीचे एक पान त्याने फाडून नेलेले असते आणि ते पान पुन्हा कोणालाही लिहिता येत नाही.

सहल नेताना

शाळेची सहल न्यावयाची झाल्यास पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

(१) वनविभागाची परवानगी व स्थानिक मार्गदर्शक यांच्याशिवाय आत जाऊ नये. वाट, निसरड्या जागा आणि पाण्याची खोली त्यालाच ठाऊक असते.

(२) दहा-बारा मुलांची एक तुकडी करावी. आत जाताना व बाहेर येताना शिरगणती करावी. दम्याचा किंवा बंद जागेच्या भीतीचा त्रास असणाऱ्यांना बाहेरच थांबवावे व त्यांच्यासोबत एक शिक्षक ठेवावा.

(३) विजेरी व जादा बॅटऱ्या बरोबर असाव्यात. मशाल, मेणबत्ती, उदबत्ती वर्ज्य. धुराची काजळी पांढऱ्या खडकावर कायमची बसते आणि कोंदट हवा अधिकच दूषित होते.

(४) लवणस्तंभाला हात लावू नये. हाताचा तेलकटपणा त्यावर बसला की तेथे नवा थर धरणे अवघड होते.

(५) आरडाओरड करू नये. वटवाघळे बिथरली तर विश्रांती मोडते, पिले खाली पडतात. पाण्यात नाणी, फुले किंवा खाद्यपदार्थ टाकू नयेत.

(६) एकदा सर्व विजेऱ्या मिनिटभर मालवाव्यात. संपूर्ण अंधार आणि थेंबांचा आवाज यांतून मुले जे शिकतील, ते व्याख्यानाने साधणार नाही.

पंचायतींचे उत्तरदायित्व

चंद्रपूर, यवतमाळ व गडचिरोलीच्या चुनखडक असलेल्या भागांतील ग्रामपंचायतींना या विषयाचा थेट संबंध पोहोचतो. मातीच्या जाड थरातून झिरपणारे पाणी काही अंशी गाळले जाते. चुनखडकाच्या विवरात शिरलेले पाणी मात्र न गाळताच वेगाने पुढे सरकते आणि दूरच्या झऱ्यात वा विहिरीत प्रकट होते. म्हणून विवरात कचरा, मेलेली जनावरे किंवा सांडपाणी टाकणे म्हणजे शेजारच्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात विष कालविण्यासारखेच आहे.

गावाच्या हद्दीत नैसर्गिक गुहा किंवा विवर असल्यास त्याची नोंद जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थापन झालेल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवहीत करावी. तेथे वटवाघळे असल्यास तीही नमूद करावीत, कारण कीटकभक्षी वटवाघळे शेतकऱ्याचे पीक राखण्यास हातभार लावतात. पर्यटनाच्या उत्साहात सिमेंटच्या पायऱ्या आणि झगझगीत दिवे बसविण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा. सततच्या प्रकाशाने गुहेच्या भिंतींवर शेवाळ चढते आणि मूळ रूप हरवते. याउलट मर्यादित प्रवेश, ठरावीक हंगाम आणि प्रशिक्षित स्थानिक तरुण मार्गदर्शक ही व्यवस्था असेल, तर गुहाही टिकते आणि गावाला रोजगारही मिळतो.

आपल्या पूर्वजांनी कातळात कोरलेली लेणी आपण राष्ट्रीय वारसा म्हणून जपतो. पाण्याने कोरलेल्या या लेण्यांवर कोणाचे नाव नाही, शिलालेखही नाही. तरी त्यांच्या थरांत आपल्याच शेतांवर पडलेल्या आणि न पडलेल्या पावसाचा हिशेब लिहिलेला आहे. तो वाचण्याची दृष्टी विद्यार्थ्यांना देणे हे शिक्षकांचे काम आणि तो पुसला जाऊ न देणे हे गावाचे. ही दोन्ही कामे वेळीच झाली पाहिजेत. थेंबाला घाई नसते. मोडणाऱ्या हाताला मात्र क्षणभर पुरतो.